आधी पट्टा, मग पिस्तूल

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. गस्तीच्या गाडीसह गोळीबाराचा सराव सुरू करायची जबाबदारी तुझ्यावर आली, हे वाचून मनापासून आनंद झाला. तू विचारलंस, माणशी किती राउंड, म्हणजे जिवंत काडतुसं, मागावीत आणि काचेतून फायर करायचा भाग पहिल्या दिवशी घ्यावा की दुसऱ्या. पहिल्या दिवशी एकही राउंड मागू नकोस, हे माझं उत्तर.

तुला हे विचित्र वाटेल, कारण तुझं नेमणुकीचं पदच फायरिंग इन्स्ट्रक्टरचं आहे. पण गाडीभोवतीचा सराव हा मुळात हालचालीचा सराव आहे. पट्टा सोडणं, दार उघडणं, जमिनीवर पाय टेकणं, गाडीपासून बाजूला होणं, आणि हे सगळं चालू असताना आपल्या पिस्तुलाची नळी कुठे वळली आहे याचं भान ठेवणं. चाप ओढणं हा त्यातला सगळ्यात लहान भाग आहे. बहुतेक प्रसंगांत तो येतही नाही, येऊही नये.

रेंजवर आपण माणसाला काय शिकवतो ते एकदा आठवून बघ. तो उभा असतो, दोन्ही पाय रोवलेले, लक्ष्य समोर, मागे गोळ्या अडवणारा मातीचा बांध, आणि आदेश मिळाल्याशिवाय काहीच होत नाही. गाडीत यातलं काहीही नसतं. कंबर सीटला बांधलेली, पोटापुढे स्टिअरिंग, शेजारी जोडीदार, एका हातात वॉकीटॉकी, अंगात जाकीट, पायाशी लाठी. वर्षानुवर्षं उभं राहून शंभरपैकी नव्वद गुण मिळवणारा माणूस या जागेत पहिल्यांदा बसतो तेव्हा त्याचे हात चुकीच्या जागी जातात. कौशल्य त्याच्याकडे असतं, पण ते कौशल्य त्या जागेचं नसतं.

म्हणून सुरुवात पट्ट्यापासून कर. उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत चालकाच्या पट्ट्याचं बकल त्याच्या डाव्या कुशीला येतं. शेजारी बसलेल्या अंमलदाराचं मात्र उजव्या कुशीला, म्हणजे उजव्या हातानं फायर करणाऱ्याच्या बरोबर होल्स्टरजवळ, म्हणजे कमरेच्या पिस्तुलाच्या म्यानाजवळ. घाईत तो बकल दाबायला जातो आणि बोटं पिस्तुलाच्या मुठीवर पडतात, किंवा पिस्तूल काढायला जातो आणि हातात पट्टा येतो. सुटलेला पट्टाही नीट मागे गेला नाही तर मुठीत किंवा मॅगझिनच्या पाऊचमध्ये अडकतो, आणि माणूस दारातून अर्धा बाहेर, अर्धा आत असा लटकतो. या एका हालचालीवर तू एक संपूर्ण सकाळ घालवलीस तरी मी म्हणेन की वेळ सत्कारणी लागला. बकलच्या बाजूच्या हातानं बकल दाबायचं, दुसऱ्या हातानं पट्टा छातीवरून बाहेर सारायचा, आणि पट्टा पूर्ण सुटल्याची खात्री झाल्यावरच पिस्तुलाकडे जायचं. चालकाचा क्रम वेगळा, शेजारच्याचा वेगळा, मागच्यांचा आणखी वेगळा. प्रत्येकाला प्रत्येक जागेवर बसव, कारण ड्यूटीवर जागा बदलत असतात.

काही जण तुला सांगतील की धोक्याच्या भागात शिरताना पट्टा काढूनच बसावं. त्यांना ऐकून घे, पण ते नियम म्हणून शिकवू नकोस. गोळीपेक्षा अपघात गस्तीवरच्या माणसाला कितीतरी जास्त वेळा गाठतो. पट्टा लावूनच फिरायचं, आणि घटनास्थळाजवळ वेग मंदावला की कुणी आणि केव्हा सोडायचा हे आधी ठरवून ठेवायचं.

आता नळीबद्दल. गाडीत बसून पिस्तूल काढताना नळी पहिल्यांदा कशावरून जाते? स्वतःच्या मांडीवरून. चालक असेल तर नंतर स्टिअरिंगवरून, आणि वळण थोडं चुकलं की शेजाऱ्याच्या गुडघ्यावरून. मोकळ्या रेंजवर नळी स्वतःच्या अंगावरून फिरू न देण्याची सवय लावणं सोपं असतं. गाडीत त्यासाठी प्रत्येक जागेचा स्वतंत्र मार्ग शोधावा लागतो: पाय कसे आवरायचे, धड किती पुढे झुकवायचं, पिस्तूल छातीशी घेऊन स्टिअरिंगच्या वरून पुढे कसं न्यायचं. हे निळ्या रबरी पिस्तुलानं शिकव. शेजारच्याला सांग, नळी तुझ्याकडे वळताना दिसली की मोठ्यानं ओरड. पहिल्या तासात इतके आवाज होतील की वर्गातल्या सगळ्यांना मुद्दा आपोआप पटेल.

याच्या जोडीला एक गोष्ट लक्षात ठेव, जी फार कमी प्रशिक्षक सांगतात. माणसानं एका हातानं काहीतरी जोरात आवळलं की दुसऱ्या हाताची बोटंही नकळत आवळली जातात. दचकल्यावर किंवा तोल गेल्यावरही तेच होतं. गाडीतून उतरताना या तिन्ही गोष्टी एकदम घडतात: एक हात दार ढकलतो, पाय घसरतो, कुणीतरी ओरडतं. अशा वेळी दुसऱ्या हातात पिस्तूल असेल आणि बोट चापावर असेल तर गोळी सुटणारच, मग मनात काहीही असो. त्यामुळे बोट चापाच्या कड्याबाहेर, चौकटीला सरळ लावलेलं, ही सवय हाडीमाशी मुरेपर्यंत जिवंत काडतूस गाडीजवळ आणूच नकोस. आणि शक्य असेल तिथे दोन्ही हात रिकामे ठेवूनच उतरायला शिकव. पाय जमिनीवर टेकले की मग पिस्तूल.

पिस्तूल हातात किंवा मांडीखाली ठेवून बसण्याच्या सवयीबद्दल सांगतो. ११ एप्रिल १९८६ रोजी अमेरिकेत मायामीजवळ एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेच्या पथकानं दोन सशस्त्र दरोडेखोरांची गाडी धडक देऊन अडवली. चकमक होणार याची कल्पना असल्यामुळे काहींनी पिस्तुलं आधीच होल्स्टरमधून काढून जवळ ठेवली होती. धडकेच्या हिसक्यात ती हातची गेली, आणि ऐन वेळी त्या माणसांकडे मुख्य शस्त्रच उरलं नाही. त्या दिवशी दोन एजंट मारले गेले आणि पाच जखमी झाले. होल्स्टर हा पिस्तुलाचा सीटबेल्ट आहे, हे तुझ्या वर्गाला सांग आणि मायामीचं उदाहरण देऊन सांग. त्याच चकमकीत एडमंडो मिरेलिस नावाच्या एजंटचा डावा हात गोळीनं निकामी झाला होता. त्यानं पंप शॉटगन एकाच हातानं पुन्हापुन्हा भरून चालवली, मग रिव्हॉल्व्हर काढून ती चकमक संपवली. एका हातानं पिस्तूल काढणं, मॅगझिन बदलणं, अडकलेलं पिस्तूल मोकळं करणं हे आपण परीक्षेपुरतं शिकवतो. गाडीत ते मुख्य अभ्यासक्रमात यायला हवं, कारण तिथे दुसरा हात जखमी नसला तरी पट्ट्यात, दारात किंवा स्टिअरिंगवर गुंतलेला असतो.

आता आडोशाचं. सिनेमानं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक चित्र बसवलंय: दार उघडलं, त्याच्यामागे दबा धरला, वरून फैरी झाडल्या. साध्या गाडीचं दार म्हणजे पातळ पत्रा, थोडं प्लॅस्टिक, काच वरखाली करायची यंत्रणा आणि मधली पोकळी. पिस्तुलाची गोळी त्यातून आरपार जाते. आतल्या एखाद्या पट्टीवर आपटून ती कधी अडतेही, पण त्या नशिबावर कुणाचा जीव टांगायचा नसतो. गोळी थोपवायची खरी क्षमता इंजिनच्या ठोकळ्यात असते, आणि काही प्रमाणात चाकाची रिम, ब्रेकची डिस्क, अक्ष यांत. छताला आधार देणारे खांब मजबूत असतात, पण इतके अरुंद की माणूस त्यांच्यामागे मावत नाही. रायफलसमोर तर इंजिन सोडून फारसं काही टिकत नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्या गस्तीत येऊ लागल्या की पुढच्या झाकणाखाली इंजिनच नसेल, हेही आतापासून शिकव. पुढचा भाग म्हणजे आडोसा असं पाठ करून बसलेला माणूस तिथे फसेल.

आडोशाला चिकटून बसणं ही आणखी एक चूक, आणि ती अगदी नैसर्गिक आहे. भीती वाटली की माणूस भिंतीला चिकटतो. पण बॉनेट, रस्ता, भिंत अशा कठीण पृष्ठभागावर गोळी उथळ कोनात आपटली तर ती ज्या कोनात आली त्याहून लहान कोनात निसटते आणि पृष्ठभागाला लागूनच पुढे जाते. बॉनेटवर हात टेकून डोकं जेमतेम वर काढलेल्या माणसाचा चेहरा नेमका त्या वाटेत येतो. जागा असेल तर गाडीपासून दोन-तीन पावलं मागे सरकायला लाव. मागे सरकल्यानं नजर रुंद होते, हालचालीला वाव मिळतो आणि ती निसटती गोळी अंगावर यायची शक्यता घटते. गाडीखालच्या मोकळ्या जागेचंही तेच. रस्त्यावरून घसरत आलेली गोळी घोट्याला लागते, म्हणून पाय चाकाच्या मागे.

काचेबद्दल तू विशेष विचारलं होतंस. पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा, आणि ती तिरकी बसवलेली असते. त्यामुळे आतून बाहेर झाडलेली गोळी साधारणपणे नेमापेक्षा वर जाते, आणि बाहेरून आत झाडलेली खाली. पहिली गोळी सगळ्यात जास्त भरकटते, तिचं आवरण सुटू शकतं, तुकडे होऊ शकतात. मायामीनंतर एफबीआयनं गोळ्या तपासायची जी पद्धत बसवली, तिच्यात गाडीची काच ४५ अंशांत तिरकी आणि शिवाय १५ अंश बाजूला वळवून तिच्यातून फायर करतात. गोळीनं त्यानंतरही शरीराच्या जागी ठेवलेल्या जिलेटिनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच शिरावं अशी अपेक्षा असते. बाजूच्या काचा बहुधा कडक केलेल्या एकेरी काचेच्या असतात, त्या बारीक कणांत ढासळतात. नव्या गाड्यांमध्ये काही वेळा बाजूलाही दुहेरी काच असते, तर ज्या गाड्या तुमच्याकडे आहेत त्यांचं आधी बघून घे.

हे सगळं सांगितलं ते तुझ्या वर्गानं काचेतून फायर करण्याची हौस बाळगावी म्हणून नाही. काचेमागून झाडलेल्या गोळीचा आवाज बंद केबिनमध्ये कानांवर आदळतो. १४० डेसिबलच्या वरचा स्फोटक आवाज कानाला कायमचं नुकसान करू शकतो, आणि पिस्तूल उघड्यावरसुद्धा ती पातळी ओलांडतं. काचेचा भुगा डोळ्यात जातो. गरम पुंगळी छतावर आपटून कॉलरमध्ये पडते आणि माणूस चटक्यानं अंग झटकतो, तेही हातात भरलेलं पिस्तूल असताना. म्हणून काचेतून प्रत्यक्ष फायर हा प्रात्यक्षिकाचा भाग असू दे: प्रशिक्षकानं करून दाखवायचा, मागे कागदी लक्ष्यं लावून गोळी किती भरकटली ते सगळ्यांनी मोजायचं. ते एकदा डोळ्यांनी बघितलं की माणूस काचेवर भरवसा ठेवत नाही. इतकं पुरे.

रात्रीचं एक सत्र जरूर घे. आपल्याच गाडीचे दिवे आपल्याला उघडं पाडतात. हेडलाइटच्या पुढून धावणारा जोडीदार समोरच्याला स्वच्छ दिसतो, आतला छोटा दिवा दार उघडताच लागतो, आणि छतावरचा लाल-निळा झोत मागे उभ्या माणसाची आकृती दर क्षणाला दाखवत राहतो. दोन गाड्या असतील तर मागच्या गाडीच्या दिव्यांसमोर पुढच्या गाडीतली माणसं येतात. हे सांगून समजत नाही. अर्ध्या वर्गाला समोर, अंधारात, शंभर पावलांवर उभं कर आणि उरलेल्यांना उतरायला लाव. मग जागा बदल.

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मात्र गोळीच्या आधीचा आहे. गाडी चालू असेल आणि पुढे किंवा मागे वाट मोकळी असेल, तर गाडीचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे तिथून निघून जाणं. माघार घेतल्यासारखं वाटतं म्हणून पोलिसाला हे जड जातं. तू ते न लाजता शिकव. रिव्हर्समध्ये सरळ रेषेत वेगानं मागे जाणं हे गाडीच्या सरावातलं एक मूलभूत कौशल्य आहे, आणि त्याला एकही राउंड लागत नाही. वाट बंद असेल, गाडी बंद पडली असेल, तेव्हाच उतरण्याचा प्रश्न येतो, आणि तेव्हा तो विलंब न करता यायला हवा. थांबलेल्या गाडीत बसून राहणं हा सगळ्यात वाईट पर्याय. उतरताना हँडब्रेक लावायला विसरू देऊ नकोस. घाबरलेला चालक ब्रेकवरचा पाय काढतो आणि गाडी आपल्याच माणसांवर जाते.

धावत्या गाडीवर किंवा धावत्या गाडीतून फायर करण्याबद्दल तुझ्या वर्गात वाद होईल. तिथे ठाम राहा. न्यूयॉर्क पोलिसांनी १९७२ मध्येच धावत्या गाडीवर गोळी झाडण्यावर निर्बंध घातले: गाडीशिवाय दुसऱ्या कुठल्या प्राणघातक साधनानं हल्ला होत असेल तरच. संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये हवानात स्वीकारलेली बळाच्या वापराविषयीची मूलतत्त्वं तर सगळ्यांसाठी आहेत: प्राणाला किंवा गंभीर इजेला तत्काळ धोका असेल आणि सौम्य उपाय अपुरे असतील तेव्हाच बंदूक. यामागचं व्यवहाराचं कारण तू वर्गात उभं करून दाखव. पिस्तुलाच्या गोळीनं दीड टनाची गाडी थांबत नाही. चालकाला लागली तर ती गाडी थांबत नाही, फक्त तिला चालक उरत नाही. मग ती कुणावर जाईल हे कुणाच्याच हातात नाही. गाडी अंगावर येत असेल तर बाजूला हो. या एका वाक्यासाठी मैदानावर मऊ फोमचा गाडीच्या आकाराचा ठोकळा ढकलत आणून सराव घेता येतो, आणि तो घ्यावा.

एका घटनेबद्दल लिहिताना हात जड होतो, पण तुझे विद्यार्थी विचारतीलच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर ज्या क्वालिसमध्ये होते तिच्यावर दबा धरून गोळीबार झाला. गाडीत सात पोलीस होते. आतून प्रत्युत्तरही दिलं गेलं. सहा जण गेले. मागच्या भागात बसलेला सातवा, हात-खांद्याला गोळ्या लागलेला, सहकाऱ्यांच्या देहांखाली दबला होता. त्याला शस्त्र उचलता येईना. अतिरेकी तीच गाडी घेऊन निघाले तेव्हाही तो आतच होता, आणि त्यांनी ती सोडून दिल्यावर त्यानंच बिनतारीवरून माहिती कळवली. त्या रात्री कुणी काय करायला हवं होतं यावर वर्गात चर्चा होऊ देऊ नकोस. ती माणसं अपुऱ्या माहितीवर धोक्याच्या दिशेनं गेली, यातच त्यांचं मोठेपण आहे. चर्चा घ्यायची ती जागेची. भरलेल्या गाडीत मागे बसलेल्या अंमलदाराला लांब शस्त्र खरोखर वळवता येतं का? त्याचं दार कोणतं? पुढचे जखमी झाले तर तो बाहेर कसा पडेल? एक भरलेली गाडी घे, सात जण जाकीट घालून बसव, हातात लाकडी रायफली दे, आणि शिट्टी वाजव. त्यानंतर ते स्वतःच सांगतील की किती जणांनी कुठल्या गाडीत बसावं आणि नळी खाली ठेवावी की वर. माझ्या मते खाली, पायांच्या मधल्या जागेत, नळीमागच्या चेंबरमध्ये काडतूस नाही, आणि स्लिंग, म्हणजे रायफलचा खांद्याचा पट्टा, गळ्यात अडकवलेली नाही. गळ्यातली स्लिंग गिअरला, दाराच्या कडीला, शेजाऱ्याच्या हाताला, कशालाही गुंतते.

व्यवस्थेचं थोडक्यात. निकालात काढलेली गाडी मिळाली की आधी मेकॅनिककडून इंधन पूर्ण काढून घे, बॅटरी सोडव आणि एअरबॅगचे स्फोटक भाग काढून टाक. एअरबॅग जिवंत असलेल्या गाडीजवळ एकही गोळी झाडू नकोस. डोळ्यांना सगळीकडून झाकणारा चष्मा आणि कानात बोळे घालून वर कान झाकणारे मफ, हे बघणाऱ्यांनाही. जिवंत राउंडच्या वेळी गाडीत एका वेळी एकच माणूस, प्रशिक्षक त्याच्या खांद्यामागे, आणि बाकी सगळे गाडीच्या मागच्या रेषेपलीकडे. दोघांनी मिळून उतरायचे सराव रंगाच्या गोळ्यांवरच ठेव, निदान पहिलं वर्षभर. रक्त थांबवायचा पट्टा गाडीत कुठे आहे ते प्रत्येकाला डोळे मिटून सांगता यायला हवं, आणि ती जागा डिकी नसावी. दोन्ही हातांना पोचेल अशी असावी.

पहिल्या दिवशी गाडी मात्र निकालातली घेऊ नकोस. तुझे अंमलदार ज्या गाडीत रोज रात्री फिरतात तीच रिकामी करून मैदानात आण, आणि ते रोज अंगावर जे चढवतात ते सगळं चढवून त्यांना बसव. शस्त्रागारातली खरी पिस्तुलं बाहेर काढू नकोस. प्रत्येकाला प्रत्येक जागेवरून उतरवताना तू दाराशी वही घेऊन उभी राहा, आणि कुणाचा पट्टा कशात अडकला, कुणाची नळी कुणावरून गेली, कुणी हँडब्रेक विसरलं, ते लिहून काढ. ती पानं मला पाठव. दुसऱ्या दिवशी किती राउंड मागायचे ते त्यावरून ठरवू.

कळावे.